मास्क खाली आला तर लगेच लावा: '३५ हजार फुटांचं सत्य' या फॉरवर्डला उत्तर

'विमान ३५ हजार फुटांवरून का नेतात? कंपन्या लपवतात ते सत्य' अशा नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोनदा आला तेव्हा मी काही बोललो नाही, कुणाकुणाला उत्तर देत बसायचं. पण मग सांगलीहून आत्याचा फोन आला. ती पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, लेकीकडे न्यूजर्सीला चाललीय, आणि तिने अगदी काळजीने विचारलं की अरे, तो पिवळा मास्क खाली आला तर तो लावायचा नाही ना, त्यात गुंगीचं औषध असतं म्हणे. तिथे माझं डोकं सटकलं. मी विमानांच्या लाइन मेंटेनन्समध्ये काम करतो, सीटच्या वरचे ते मास्कचे कप्पे तपासणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे आता गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत. एक, वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून विमान हलकं होतं. दोन, वर गेलं की खालची पृथ्वी फिरते आणि अंतर आपोआप कापलं जातं. तीन, उंची ठेवतात ती फक्त कंपनीचा पैसा वाचावा म्हणून. चार, मास्कमध्ये माणसाला शांत पाडणारा वायू असतो, तो लावू नका, प्राणायाम करणाऱ्याला त्याची गरज नाही. पाच, एवढ्या उंचीवर इंजिन बंद पडलं तर मरण नक्की, खालून उडणं सुरक्षित. सहा, वर पक्षी नाहीत, हादरे नाहीत, पट्टा फक्त टेकऑफ-लँडिंगपुरता. आणि सात, सगळ्यांनी मिळून सरकारला पत्र लिहा की विमानं १०,००० फुटांवरूनच न्या.

चौथा मुद्दा माणूस मारू शकतो म्हणून त्यावर मी जास्त बोलणार आहे. बाकीचे आधी उरकतो.

गुरुत्वाकर्षणाचं एकदम सोपं आहे. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जमिनीवर उभे असतानाच सुमारे ६,३७१ किलोमीटर लांब असतो, ३५,००० फूट म्हणजे त्यात अजून साडेदहा-पावणेअकरा किलोमीटरची भर. तेवढ्याने गुरुत्वाकर्षण कमी होतं ते जेमतेम ०.३ टक्के. ७० किलोच्या माणसाचं वजन पाव किलोनेही घटत नाही. २०० टनांच्या विमानाचं साडेसहाशे-सातशे किलो घटेल, आणि एवढ्या वजनाचं इंधन तर मोठं विमान पाच-सात मिनिटांत जाळून टाकतं. झाला विषय.

पृथ्वी खाली फिरते हा मुद्दा शिकलेली माणसंही खरा मानतात याचं मला जास्त वाईट वाटतं. पृथ्वी फिरते, पण हवाही तिच्याबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललीय. हवा सोबत येत नसती तर दादरवर हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवलं की तासाभराने ते पश्चिमेला दीड हजार किलोमीटरवर, भर अरबी समुद्रावर सापडलं असतं. आणि या हिशोबाने पश्चिमेला जाणं झटपट व्हायला हवं आणि पूर्वेला येणं रखडत. प्रत्यक्षात उलट आहे. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायला जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी तिकिटावरच्या वेळा नुसत्या ताडून बघाव्यात. याचं कारण जेट स्ट्रीम, म्हणजे विमानं जातात साधारण त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते (आणि अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला होता!), पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या बी-२९ विमानांच्या वैमानिकांना ते चांगलेच जाणवले. येताना पायलट या वाऱ्याचा फायदा घेतात, जाताना जमेल तेवढा तो टाळतात. म्हणजे वर जाण्याचा वेळेशी संबंध आहे, पण तो वाऱ्यामुळे.

आता पैशांचा मुद्दा. इथे मला नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतंय. वर उडल्याने इंधन वाचतं, विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा फार मोठा असतो, आणि कंपन्या धर्मादाय संस्था नाहीत. इथवर ठीक. पण 'फक्त' हा शब्द खोटा आहे, आणि इंधन का वाचतं ते लिहिणाऱ्याला कळलेलंच नाही. त्याने लिहिलंय की वर हवा नसते म्हणून विमान आपोआप सरकत राहतं. अहो, हवाच नसेल तर पंख पेलणार कशावर आणि इंजिन जळणार कशावर?

३५,००० फुटांवर हवा असते, पण तिची घनता समुद्रसपाटीच्या ३१ टक्क्यांच्या आसपास असते आणि तापमान सरासरी उणे ५४. विमानाचं वजन पेलायचं तर पंखांना हवेकडून ठरावीक उचल मिळायला हवी. दाट हवेत ती कमी वेगात मिळते, विरळ हवेत त्यासाठी जास्त वेगाने जावं लागतं. आता नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे: ती उचल मिळवताना मागे खेचणारा जो विरोध सोसावा लागतो, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो दोन्हीकडे जवळपास तेवढाच ठेवता येतो. म्हणजे इंजिनाने ढकलायचं तेवढंच, पण वरच्या विरळ हवेत त्याच ढकलण्यात विमान खालच्यापेक्षा जवळजवळ १.८ पट वेगाने पुढे जातं. कॉकपिटमधल्या वेगाच्या काट्यावर त्या वेळी २६५-२७० नॉट दिसत असतात, कारण तो काटा हवेचा जोर मोजतो, आणि विमान मात्र खरोखर ४५० नॉटने, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास चाललेलं असतं. हाच वेग खाली समुद्रसपाटीजवळ ठेवायला गेलात तर इंधनाचं सोडा, सांगाडाच तो ताण घ्यायला बनवलेला नाही, बोइंग ७३७ ला काट्यावर ३४० नॉटच्या वर जायची परवानगीच नसते.

दुसरी गोष्ट इंजिनाची. जेट इंजिन थंड हवेत जास्त चांगलं काम करतं. शिवाय टेकऑफसाठी त्याला प्रचंड ताकद लागते, तेवढी ताकद असलेलं इंजिन खालच्या दाट हवेत संथ चालवलं तर ते त्याच्या कामाच्या चांगल्या पट्ट्यातच येत नाही. वर गेल्यावर विरळ हवेमुळे त्याची कमाल ताकद आपोआप खाली येते, ते त्या कमाल मर्यादेच्या जवळ चालतं आणि तिथेच इंधनाचं सोनं करतं. म्हणून पंख्यावर चालणारी एटीआर-७२ विमानं, जी आपल्याकडे लहान शहरांच्या रूटवर दिसतात, ती २५,००० फुटांच्या वर जातच नाहीत, त्यांचं गणित वेगळं आहे. उंची ही इंजिन, पंख आणि वजन यांनी मिळून ठरवलेली असते, कंपनीच्या मालकाने नाही.

मग अजून वर का नाही जात, ५०,००० वर? कॉन्कॉर्ड जायचं की ५०,००० ते ६०,००० च्या मधे. पण ते आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान होतं. साधं जेट जितकं वर जाईल तितकं त्याचं 'फार हळू' आणि 'फार वेगात' यातलं अंतर कमी होत जातं, हळू झालं तर पंख उचल सोडतात, वेग वाढला तर पंखावर हवेचे धक्के बसायला लागतात. त्यात लांबच्या फ्लाइटला निघताना पोटात शंभर टनांहून जास्त इंधन असू शकतं, तेव्हा इतक्या जड विमानाला ३५,००० जमतही नाही, ते ३१-३२ हजारांवरून सुरुवात करतं आणि इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. ३५,००० हा काही जादूचा आकडाही नाही. आपल्याकडे ढोबळ नियम असा की पूर्वेला जाणारी विमानं विषम हजारांवर, ३३, ३५, ३७, आणि पश्चिमेला जाणारी सम हजारांवर. मुंबई-दुबई विमान ३५,००० वर सहसा नसतंच.

आणि उंचीची किंमत विमानाचं शरीर मोजतं. बाहेर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनही कमी, आत माणसांना पुरेल एवढा दाब ठेवायचा, त्यामुळे प्रत्येक चौरस इंचावर आठ-नऊ पौंडांचा जोर आतून बाहेर लागत असतो, प्रत्येक उड्डाणात फुगायचं आणि पुन्हा सैल व्हायचं. १९५२ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या पहिल्या जेटची, ब्रिटिश कॉमेटची, दोन विमानं १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये याच थकव्याने हवेत फुटली, आणि त्यातून सगळं जग शिकलं. आम्ही आजही विमानाचं वय वर्षांपेक्षा सायकलमध्ये मोजतो, किती वेळा फुगलं आणि सैल झालं त्यावर.

आता मास्क.

मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं देतो: 'मास्कमधून येणाऱ्या वायूने माणूस गुंगतो व आरडाओरडा करत नाही, म्हणून जळका वास येतो. पिशवी फुगत नाही हाच पुरावा. एव्हरेस्टवर लोक ऑक्सिजनशिवाय चढतात. नियमित प्राणायाम करणाऱ्याने श्वास रोखून शांत बसावे.' ज्याने हे लिहिलं त्याला याची कल्पनाही नसेल, पण हे वाचून कोणी खरंच तसं वागलं तर तो माणूस मिनिटाच्या आत बेशुद्ध पडेल.

३५,००० फुटांवर केबिनमधला दाब गेला तर माणसाला शुद्धीत राहून काही करता येईल असा वेळ किती असतो, याची कोष्टकं वैमानिकांना शिकवली जातात. तो वेळ आहे ३० ते ६० सेकंद, आणि दाब झटकन गेला तर त्याच्याही निम्मा. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण दाब इतका कमी की तो फुप्फुसातून रक्तात ढकललाच जात नाही. उलट होतं, रक्तात असलेला ऑक्सिजन फुप्फुसात परत यायला लागतो. म्हणून 'मी तर दोन मिनिटं श्वास रोखू शकतो' हे तिथे लागू होत नाही, जमिनीवरचा कुंभक वर उपयोगाचा नाही. त्यात दाब अचानक पडताना श्वास कोंडून धरला तर आतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. प्राणायाम चांगलाच आहे, आत्याही रोज पहाटे करते आणि करत राहावा, पण रक्तातला ऑक्सिजन कुठल्या दिशेने जाईल ते दाब ठरवतो.

एव्हरेस्टचं अर्धं खरं आहे तेही सांगतो. मे १९७८ मध्ये मेस्नर आणि हाबेलर पहिल्यांदा ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय माथ्यावर पोचले, नंतर इतरही गेले. पण ते आठवडेच्या आठवडे उंचीवर राहून शरीर हळूहळू सरावतात. एव्हरेस्ट २९,०३२ फूट, विमान त्याच्याही सहा हजार फूट वर. आणि विमानातल्या माणसाचं शरीर तेव्हा असतं केबिनच्या आतल्या कृत्रिम उंचीवर, जी जास्तीत जास्त ८,००० फूट ठेवतात (ड्रीमलायनरमध्ये ६,००० च्या आसपास). आपली कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे ८,००० ही त्याच्या दीडपट. तिथून काही सेकंदांत ३५,००० वर फेकल्यासारखं होतं, सरावायला वेळ कुठला?

वासाचं आणि पिशवीचं मी स्वतः सांगू शकतो. बऱ्याच विमानांत सीटच्या वरच्या कप्प्यात ऑक्सिजनची टाकी नसतेच, एक छोटा धातूचा डबा असतो, त्यात मुख्यतः सोडियम क्लोरेट. मास्क आपल्याकडे ओढला की दोरीने पिन निघते, आत रासायनिक क्रिया सुरू होते, ऑक्सिजन बाहेर येतो आणि डब्यात उरतं बरंचसं मीठ, साधं खायचं सोडियम क्लोराइड. या क्रियेत डबा हात भाजेल इतका तापतो, कप्प्यातली धूळ जळते, म्हणून वास येतो. म्हणूनच मास्क नुसता समोर लोंबत ठेवून चालत नाही, तो ओढायचा असतो, ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरूच होत नाही. पिशवी पूर्ण फुगायची गरज नाही, सूचना देताना केबिन क्रू नेमकं हेच सांगतात आणि कोणी ऐकत नाही. आणि मास्क नाक आणि तोंड दोन्हीवर लागतो. २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचं इंजिन फुटून खिडकी गेली त्या वेळचे आतले फोटो जगभर गेले, त्यात लोकांनी मास्क नुसता तोंडावर धरलेला दिसतो, नाक उघडं.

आता ज्याला अजून शंका आहे त्याने एक अपघात समजून घ्यावा. १४ ऑगस्ट २००५, हेलिओस एअरवेजची फ्लाइट ५२२, सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं बोइंग ७३७. ग्रीसच्या अपघात तपास मंडळाचा यावरचा अहवाल उघड आहे, आमच्या धंद्यात तो वाचलेला नाही असा माणूस विरळा. आदल्या उड्डाणानंतर दाबाच्या गळतीची चाचणी करताना ग्राउंडवर केबिन प्रेशरचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवलं गेलं होतं आणि ते तसंच राहिलं. उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांत वैमानिकांच्याही ते लक्षात आलं नाही. विमान चढत गेलं, आत दाब भरलाच जात नव्हता. १२,००० फुटांच्या सुमारास भोंगा वाजला, पण तोच भोंगा जमिनीवर टेकऑफसाठी विमानाची तयारी चुकली तरी वाजतो, त्यांना वाटलं हा तो आहे. कॅप्टन रेडिओवर कंपनीच्या इंजिनिअरशी बोलत राहिला. मागे १८,००० फुटांच्या आसपास प्रवाशांचे मास्क खाली आले. पुढे बसलेल्या दोघांचे मास्क त्यांच्या हाताच्या अंतरावर होते आणि त्यांनी ते लावले नाहीत. काही मिनिटांत दोघंही गेले, म्हणजे बेशुद्ध. विमान ऑटोपायलटवर ३४,००० फुटांवर जाऊन अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाची एफ-१६ विमानं जवळ गेली तेव्हा त्यांना कॅप्टनची खुर्ची रिकामी आणि सहवैमानिक पुढे कोसळलेला दिसला. इंधन संपल्यावर ते ग्रामातिकोजवळ डोंगरात पडलं. ११५ प्रवासी, ६ कर्मचारी, कोणीही वाचलं नाही.

दोन प्रशिक्षित वैमानिक, वर्षानुवर्षांचा अनुभव, आणि त्यांना कळलंच नाही की आपल्याला ऑक्सिजन कमी पडतोय. कारण त्यात गुदमरल्यासारखं होत नाही. दुखत नाही. उलट बरं वाटतं, सगळं ठीक चाललंय असं वाटतं, विचार मंद होतात आणि मंद झालेत हेच कळत नाही. गुंगी आणणारी गोष्ट कुठली असेल तर ती ही, मास्क न लावणं. म्हणून आधी स्वतःला लावा, मग मुलाला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला. आईला हे ऐकायला निर्दय वाटतं, मला माहितीये, पण मुलाच्या मास्कशी झटापट करताना आई बेशुद्ध पडली तर मुलाला कोण लावणार? तुम्ही शुद्धीत असलात तर मूल अर्धा मिनिट बेशुद्ध पडलं तरी मास्क लावल्यावर परत येतं.

यावर एकाने ग्रुपमध्ये लिहिलं, मग त्या विमानात प्रवाशांना मास्क होते तरी ते का मेले? कारण तो ऑक्सिजन १२ ते १५ मिनिटांपुरताच असतो. हेही मेसेजमध्ये 'लपवलेलं सत्य' म्हणून आलंय, जणू १५ मिनिटांनी सगळे मरणार. तो ऑक्सिजन प्रवासभर पुरवायला दिलेलाच नाही. दाब गेला की वैमानिक आधी स्वतःचा मास्क लावतात आणि विमान वेगाने १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात, त्याला चार-पाच मिनिटं लागतात, जास्तीत जास्त थोडी अजून, आणि तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. हेलिओसमध्ये खाली आणणारेच बेशुद्ध होते.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. २० सप्टेंबर २०१८, मुंबईहून जयपूरला निघालेलं जेट एअरवेजचं ७३७. इंजिनातून दाबाची हवा केबिनला देणारं ब्लीडचं स्विच चालू करायचं राहून गेलं. १६६ प्रवासी होते, मास्क खाली आले, विमान परत मुंबईला उतरलं. तीसेक जणांच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आलं, कुणाचं डोकं दुखत होतं. चूक गंभीरच होती, तिची बाजू मी घेणार नाही. पण वैमानिक शुद्धीत होते, विमान खाली आलं आणि सगळे घरी गेले.

पाचवा मुद्दा, वरून पडलं तर मेलं, खालून उडावं. हा भीतीचा मुद्दा आहे, त्यामुळे मला समजतो, पण तो उलटा आहे. इंजिनं बंद पडली की विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत खाली येतं, एक किलोमीटर खाली येताना साधारण पंधरा-सतरा किलोमीटर पुढे जातं. ३५,००० फुटांवरून दीडशे किलोमीटर सहज झाले. म्हणजे पुण्याच्या डोक्यावर सगळी इंजिनं गेली तरी कागदावर मुंबईची धावपट्टी आवाक्यात येते. १०,००० फुटांवरून हेच अंतर पन्नासच्या आत-बाहेर. उंची म्हणजे हातातला वेळ. २४ ऑगस्ट २००१ ला टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबसचं इंधन गळून अटलांटिकच्या मधोमध दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान १९ मिनिटं इंजिनाविना तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं, आतले ३०६ च्या ३०६ लोक वाचले. हेच विमान १०,००० वर असतं तर समुद्रात गेलं असतं.

आणि २४ जून १९८२ चं ब्रिटिश एअरवेजचं जंबो, फ्लाइट ९. लंडनहून मुंबईमार्गे क्वालालंपूर आणि पुढे पर्थकडे निघालेलं. जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीची राख रात्रीच्या अंधारात दिसली नाही, रडारवरही आली नाही, आणि ३७,००० फुटांवर चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी पुन्हा पुन्हा इंजिनं चालू करायचा प्रयत्न करत होते, प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांना उंचीने दिला. तेवढ्यात केबिनचा दाब पडला, आणि सहवैमानिकाच्या मास्कची नळी तुटलेली निघाली. आता बघा पेच कसा आहे: इंजिन नसताना प्रत्येक फूट लाखमोलाचा, आणि सहवैमानिकाला श्वास मिळायचा तर उंची सोडायलाच हवी. मूडींनी उंची सोडली, मिनिटाला सहा हजार फुटांनी खाली आले. साधारण १३,००० फुटांवर राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं एकेक करून पुन्हा पेटली आणि विमान जकार्ताला उतरलं, सगळे सुखरूप. बाकी सगळ्या संकटांत उंची मिनिटं देते, ऑक्सिजन गेला तर फक्त सेकंद देते, आणि हे त्या कॅप्टनला पाठ होतं म्हणून त्याने ३७,००० फुटांची पुंजी श्वासासाठी खर्च केली.

पक्षी आणि हादरे यावर थोडक्यात. पक्षी बहुतेक खालीच धडकतात, उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी, हे बरोबर. पण वर अजिबात नसतात असं नाही, नोव्हेंबर १९७३ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजानवर ३७,००० फुटांवर विमानाला रुपेल जातीचं गिधाड धडकल्याची नोंद आहे. हवामानही बरंचसं खाली राहतं, पण आपल्या पावसाळ्यातले गडगडाटी ढग ४५,००० फुटांच्याही वर जातात, त्यांना वळसाच घालावा लागतो. आणि ढग नसतानाही हादरे बसतात. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर ३७,००० फुटांवर असताना एकदम हादरलं, एक प्रवासी गेला, डझनावारी जखमी झाले, ज्यांचे पट्टे सुटे होते ते छतावर आपटले. बसलेले असाल तोवर पट्टा लावून ठेवा, दिवा बंद असला तरी. ढिला ठेवा, पण ठेवा.

राहिली ती १०,००० फुटांची मागणी. मुंबईहून न्यूजर्सीचं थेट विमान १०,००० फुटांवरून न्यायचं ठरवलं तर ते पोचणारच नाही, टाकीत मावेल तेवढं इंधन वाटेतच संपेल, मधे उतरून भरावं लागेल. जुनी विमानं खालून जायची, खरंय, डाकोटाच्या केबिनमध्ये दाबच नसायचा म्हणून तिला दुसरा पर्यायच नव्हता, आणि खालच्या ढगांत, उकाड्यात, हादऱ्यांत लोक प्रवासभर ओकत असत. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्र ओलांडताना आजही हिशोब करूनच निघावं लागतं की सगळ्यात अडचणीच्या जागी केबिनचा दाब गेला आणि तिथून पुढे १०,००० फुटांवरून जावं लागलं तर जवळचा विमानतळ गाठेपर्यंत इंधन पुरेल का, आणि तेवढं इंधन टाकीत असल्याशिवाय निघता येत नाही. म्हणजे १०,००० फूट ही उंची नियमांत आधीच आहे, ती संकटासाठी राखलेली आहे.

त्या पत्रावर सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी निदान चौथा मुद्दा त्याच ग्रुपवर जाऊन चुकीचा आहे असं लिहावं, आजच लिहावं, कारण तो वाचलेलं कोणीतरी आज रात्रीच्या विमानात बसलेलं असेल.